भरदिवसाचा दिवा

संपादकांचा निरोप दरवर्षीप्रमाणे श्रावणातच आला : "दिवाळी अंकाचे सदर आहे, सणाला शोभेलसे काही लिहा." सणाला शोभेलसे म्हणजे नेमके काय, हे मला अजून उमगलेले नाही. चकलीवर लिहून झाले, आकाशकंदिलावर लिहून झाले, किल्ल्यावरच्या मातीच्या मावळ्यांवरही लिहून झाले. यंदा काय लिहावे या विवंचनेत असतानाच वर्गात एका विद्यार्थिनीने उठून विचारले, "सर, दिवाळी आणि दिवाळं हे शब्द एकमेकांचे कोण लागतात?"

मराठीच्या प्राध्यापकाला असा प्रश्न म्हणजे फराळाचे ताटच. मी लगेच मांडी घालून बसलो. दिवाळी ही दीपावलीची लेक, हे सर्वांना ठाऊक असते. दिवाळ्याचे मूळही दिव्यापाशीच आहे, हे मात्र पुष्कळांना नवे वाटते. मोल्सवर्थसाहेबाच्या मराठी कोशात (त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची) अशी हकीकत दिली आहे की, ज्याचे दिवाळे निघाले तो पूर्वी आपल्या घरात किंवा दुकानात मोठा दिवा पेटवून ठेवी, आणि त्यावरून हा शब्द आला. म्हणजे घरात लक्ष्मी यावी म्हणूनही दिवा आणि ती गेली हे जगाला कळावे म्हणूनही दिवाच! मुले हसली, तास संपला. मी मात्र खडू हातात धरून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. मला गेल्या वर्षीची दिवाळी आठवली होती.

आमच्या हिचे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, छापखाना चालवीत. लग्नपत्रिका, शाळांची पुस्तके, पावतीपुस्तके असे बारा महिने काम असे. पुढे पत्रिका मोबाइलवरून जाऊ लागल्या, पावत्याही तशाच येऊ लागल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास अण्णांनी बँकेचे कर्ज काढून चार रंगांचे मोठे यंत्र घेतले. यंत्र सुंदर होते. त्याला घालायला काम तेवढे नव्हते. बँकेचे हप्ते भागवायला अण्णांनी हातउसने घेतले, ते भागवायला आणखी कोणाकडून घेतले. उधारीचे पोते सव्वा हात रिते, ही म्हण मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो. ते पोते प्रत्यक्ष पाहिले ते अण्णांच्या छापखान्यात.

नवरात्र संपता संपता एका रात्री अण्णा घरी आले. कागदाच्या व्यापाऱ्याने अकरा लाखांचा दावा लावला होता, समन्स हातात पडले होते. चहाचा कप तसाच ठेवून ते बहिणीला म्हणाले, "अगं, राहतं घर तेवढं तुझ्या नावावर करून ठेवतो. यंदाच्या भाऊबीजेला बक्षीसपत्र करू. भावानं बहिणीला ओवाळणी घातली, त्यात कोणाची काय हरकत? आम्ही राहू तिथंच. वादळ सरलं की तू परत माझ्या नावावर करून दे."

हिच्या डोळ्यांत पाणी आले. "अण्णा, तुझं घर मला नको. पण तुझं वाचत असेल तर सही करीन."

वाचकहो, या सदरात मी आजवर बहुधा दुसऱ्यांची चेष्टा केली आहे, तेव्हा या वेळी स्वतःविषयी खरे सांगतो. त्या रात्री मला झोप लागली नाही, ती काही धर्माधर्माच्या विचाराने नव्हे. अण्णांच्या दिवाणखान्यातली पूर्वेची भिंत माझ्या पुस्तकांच्या कपाटांना पुरेल का, याचा मी अंधारात हिशेब करीत होतो. घर नुसते कागदावर आमचे होणार होते. पण कागदाचाही एक कैफ असतो.

आमच्या टेकडीवरच्या फिरण्यात विधि महाविद्यालयातले एक प्राध्यापक स्नेही असतात. दुसऱ्या दिवशी मी "एका ओळखीच्या गृहस्थांची" म्हणून ही गोष्ट त्यांच्या कानावर घातली. ते चालता चालता थांबले आणि म्हणाले, "तुमच्या ओळखीच्या गृहस्थांना मेंढरांची गोष्ट सांगा."

ती मेंढरांची गोष्ट अशी. इंग्लंडात हॅम्पशायरकडे पिअर्स नावाचा एक मनुष्य होता. ट्वाइन नावाच्या इसमाचे त्याच्याकडे चारशे पौंड येणे होते आणि दुसऱ्या एका धनकोचे दोनशे. दुसऱ्याने दावा लावला. दावा चालू असतानाच पिअर्सने आपली होती नव्हती ती सगळी चीजवस्तू, किंमत तीनशे पौंड, गुपचूप दस्त करून ट्वाइनला देऊन टाकली. दिली खरी, पण ती राहिली पिअर्सच्याच ताब्यात. त्यातली काही त्याने विकली. मेंढरांची लोकर त्यानेच कातरली, आणि त्यांच्या अंगावर खूण घातली तीही स्वतःचीच! पुढे दुसऱ्या धनकोला हुकूमनामा मिळाला, जप्तीला माणसे आली, तेव्हा ट्वाइनची माणसे आडवी पडली : "हा माल आमच्या धन्याचा." प्रकरण स्टार चेंबर नावाच्या न्यायासनापुढे गेले आणि १६०१ साली निकाल लागला, की हा दस्त धनकोंना बुडविण्यासाठी केलेला आहे. राणीच्या वतीने खटला चालविणारा एडवर्ड कोक यानेच तो पुढे आपल्या निवाड्यांच्या संग्रहात लिहून ठेवला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना तो आजही शिकवितात.

"यातली गंमत पाहा," स्नेही म्हणाले, "ट्वाइनचं देणं खोटं नव्हतं. चारशे पौंड त्याचे खरोखरच येणं होते. पण मोबदला खरा असला तरी सचोटी खरी पाहिजे. माणसाच्या पोटातला हेतू न्यायाधीशाला दिसत नाही, म्हणून त्यांनी बाहेरच्या खुणा मोजल्या. सगळंच्या सगळं देऊन टाकलं, अंगावरचे कपडेसुद्धा वगळले नाहीत, ही एक. दिल्यावरही ताबा आणि वापर स्वतःकडेच ठेवला, ही दुसरी. गुपचूप केलं, तिसरी. दावा चालू असताना केलं, चौथी. देणारा-घेणारा यांच्यात आतून विश्वासाचा करार होता, पाचवी. आणि सहावी तुमच्या विषयातली आहे."

"माझ्या?"

"त्या दस्तातच लिहिलं होतं, की हे दान प्रामाणिकपणे, खरेपणाने आणि सद्भावनेने केलेलं आहे. न्यायाधीश म्हणाले, एरवी दस्तात न येणारी अशी वाक्यं आली की संशय घ्यावा."

मी मनात त्या न्यायाधीशांना नमस्कार केला. निबंध तपासताना मीही हेच करीत आलो आहे. "मी अगदी मनापासून सांगतो" असे वाक्य आले, की तो परिच्छेद कोठून उतरवला आहे ते मी शोधू लागतो.

मग स्नेह्यांनी आपल्याकडचा कायदा सांगितला. तो थोडक्यात देतो, कारण कोणत्या घरात केव्हा उपयोगी पडेल सांगता येत नाही. इंग्लंडात १५७१ साली एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत या फसवणुकीविरुद्ध कायदा झाला. रोमन लोकांच्या कायद्यातही धनकोला अशी दाद होतीच. त्याच वळणावर आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५३ वे कलम आहे. धनकोंना बुडविण्याच्या किंवा ताटकळत ठेवण्याच्या हेतूने केलेले स्थावराचे हस्तांतरण, ज्या धनकोचे त्यामुळे नुकसान होते त्याला रद्द करवून घेता येते. त्याच्या हातात हुकूमनामा असलाच पाहिजे असे नाही. मात्र असा दावा त्याने एकट्यापुरता न लावता सर्व धनकोंच्या वतीने लावायचा असतो. ज्याने सद्भावनेने, खरा मोबदला देऊन मालमत्ता घेतली, त्याला कायदा धक्का लावीत नाही. फुकट घेणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. शिवाय अण्णांसारख्या व्यक्तीच्या बाबतीत १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहेच. हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि तो माणूस नादार ठरला, तर असले बक्षीसपत्र टिकणे कठीण. कंपन्यांसाठी २०१६ साली नवी संहिता आली, तीही मागच्या दोन वर्षांत आप्तेष्टांच्या पदरात काय काय पडले ते उकरून पाहते. एवढे करूनही फसवणूक उघड झाली, तर ती नुसती दिवाणी भानगड राहत नाही. १८६० च्या दंडसंहितेत तो गुन्हा होता आणि २०२४ पासून अमलात आलेल्या न्याय संहितेतही आहे.

"आणि समजा, कोणी दावा लावलाच नाही?" मी विचारले.

"मग तर मोठाच धोका. मग तो दस्त देणाऱ्या-घेणाऱ्यांत पक्का. उद्या तुमच्या त्या ओळखीच्या गृहस्थांच्या नातेवाइकांच्या मनात आलं, की हे घर आता आपलंच, तर गृहस्थ कोणत्या तोंडानं कोर्टात जाणार? लोकांना बुडवायला मी खोटा कागद केला होता, असं सांगायला? शिवाय १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा आहे. दुसऱ्याच्या नावावर ठेवलेली मालमत्ता 'खरी माझीच' म्हणून परत मागण्याची वाट त्यानं बंद केली आहे."

पूर्वेच्या भिंतीवरची माझी कपाटे मला पुन्हा दिसली, आणि टेकडीवरच्या गार वाऱ्यातही कानशिले गरम झाली.

"मग प्रामाणिक माणसानं करायचं काय?"

"घर खऱ्या भावाने विकावं, उघडपणे विकावं, आणि देणी भागवावीत. जप्तीचा हुकूम झालेला नसेल तर कायदा आड येत नाही. एका धनकोला आधी देऊन दुसऱ्याला मागे ठेवलं, एवढ्यानंसुद्धा फसवणूक होत नाही, असं प्रिव्ही कौन्सिलनं १९१५ मध्येच सांगून ठेवलंय. कायदा ऋणकोचा वैरी नाही हो. दिवाणी प्रक्रिया संहितेचं साठावं कलम वाचा. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, धर्माचारानं बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, यांना जप्ती शिवू शकत नाही. मंगळसूत्राला हात लागत नाही. तुमच्या गृहस्थांच्या बायकोचं स्त्रीधन तर त्यांच्या देण्यात धरायचंच नाही. पण शहरातलं राहतं घर त्या यादीत नाही."

हे सगळे मी अण्णांना सांगितले. ते गप्प बसून ऐकत होते. मग म्हणाले, "बक्षीसपत्र नको तर खरेदीखत करू, तुमच्या नावानं. आडनाव वेगळं, कोणाच्या लक्षात यायचं नाही. माझा एक मित्र तुमच्या खात्यात पैसे टाकील, तुम्ही मला चेक द्या, मी पुढं त्याचे त्याला पोचते करीन. झाला खरा मोबदला!"

पैशाने तीन खात्यांना प्रदक्षिणा घालायची आणि पुन्हा देवळाच्या दारात येऊन उभे राहायचे, असा तो बेत होता. मी नकारार्थी मान हलवताच अण्णा उसळले. "तुम्हाला कायदा दिसतो. मला माझी दोन पोरं दिसतात. दहावी-बारावीच्या वर्षाला त्यांना कोणाच्या दारात नेऊन उभं करू? मोठमोठे लोक कोट्यवधी बुडवून उजळ माथ्यानं फिरतात, आणि मी एक घर वाचवलं तर चोर?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही पुरते नाही. मोठ्यांनी केले म्हणून धाकट्यांनी करावे असे नाही, हे वर्गात सांगणे सोपे. पण समोर बसलेला बाप दोन मुलांची नावे घेऊन बोलत असतो, तेव्हा सुभाषिते घशात अडकतात. ही आतल्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही. अण्णा "दिवाळीपर्यंत कळवा" म्हणून निघून गेले.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी बाइंडरकाका आले. अण्णांच्या छापखान्यात त्यांनी जन्म काढला. माझा एम.ए.चा प्रबंध त्यांनीच निळ्या कापडात बांधून दिला होता. निवृत्त झाले तरी दर दिवाळीला ते उरल्यासुरल्या कागदांच्या वह्या बांधून आमच्या मुलांसाठी आणत. त्याही दिवशी चार वह्या घेऊन आले होते. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, हिनेच भीत भीत विचारले, "काका, अण्णाकडं तुमचंही काही अडकलंय का हो?"

"अडकलंय कसलं ताई, ठेवलंय," ते म्हणाले. "ग्रॅच्युइटीचे चार लाख. बँकेत ठेवणार होतो, पण अण्णांना नड होती. व्याज थांबलंय सध्या. थांबू द्या. लोक म्हणतात, मागून घ्या, मागून घ्या. मी म्हणतो, ज्यांचं एवढं घर उभं आहे ते कुठं पळून जातात? ते घर आहे तोवर मला घोर नाही."

हिने त्यांना चहा दिला, चकली दिली, मुलांना त्यांच्या पाया पडायला लावले. त्यांना पोचवायला ती जिन्यापर्यंत गेली आणि परत येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली. कढईतले तेल तापून धूर येऊ लागला तरी तिचे लक्ष नव्हते. मी जाऊन गॅस बंद केला.

"तो कागद करायचा नाही," ती म्हणाली.

"अगं, मी तर आधीच..."

"तुमचं कायद्याचं झालं. मी माझं सांगते. अण्णाचं घर म्हणजे नुसतं अण्णाचं नाही. त्या भिंती बघून काकांनी पैसे दिलेत. ती भिंत मी माझ्या नावाखाली लपवली तर चोरी मी केली, अण्णानं नाही."

माझ्या स्नेह्यांनी टेकडीवर चार फेऱ्यांत जे समजावले ते हिने दोन वाक्यांत सांगितले. मेंढरांवरच्या खुणेची गोष्ट शेवटी हीच आहे. लोक उसने देतात ते दिसणाऱ्या वस्तूकडे पाहून देतात. दिसते एकाचे आणि कागदावर असते दुसऱ्याचे, असे झाले की बाजारातल्या नजरेवरचा विश्वासच उडतो. आणि पहिला तडाखा बसतो तो कागदाच्या व्यापाऱ्याला नव्हे, त्याचे वकील असतात. तो बसतो वह्या बांधून आणणाऱ्याला. ५३ व्या कलमाची दाद मागायला कोर्टाची फी लागते, वर्षे लागतात, आणि आपण फसलो आहोत हे आधी कळावे लागते. बाइंडरकाकांना ते कळलेसुद्धा नसते.

हिने त्याच संध्याकाळी अण्णांना फोन केला. काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही. मी मुद्दामच बाहेर गेलो होतो. परत आलो तेव्हा ती पणत्यांना वाती घालीत होती आणि तिचे नाक लाल झाले होते. त्या भाऊबीजेला पाट मांडला, रांगोळी घातली, दुपारी दोनपर्यंत जेवणे खोळंबली. अण्णा आले नाहीत.

पुढची हकीकत थोडी आहे. माघात अण्णांनी स्वतःहून सर्वांना छापखान्यात बोलावले. व्यापारी आला, बँकेचा माणूस आला, बाइंडरकाका आले, आणखीही दोघेतिघे आले. भिंतीवरच्या कॅलेंडरामागे लपवलेल्या चिठ्ठ्यासुद्धा अण्णांनी टेबलावर मांडल्या म्हणे. यंत्र बँकेने विकले. घर फाल्गुनात खऱ्या भावाने विकले गेले, व्यापाऱ्याने व्याज सोडून दावा मिटवला, काकांना त्यांचे मुद्दल मिळाले. अण्णा दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायला गेले आणि दुसऱ्याच्या छापखान्यात नोकरीला लागले. थोरल्याची परीक्षा त्याच धामधुमीत झाली; गुण व्हायला हवे होते तेवढे झाले नाहीत. तेव्हा सर्वांचे सर्व छान झाले, असे मी दिवाळी अंकासाठीसुद्धा लिहिणार नाही.

जुन्या काळचा तो दिवाळे निघालेला व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, तेव्हा त्याला काय वाटत असेल, याचा मी हल्ली विचार करतो. रस्त्याने जाणारे थबकत असतील, कोणी हळहळत असेल, कोणी हसत असेल. पण त्या उजेडात एक गोष्ट सर्वांना सारखी दिसत असेल, की दुकानात जे काही उरले आहे ते हे एवढे आहे. माघातल्या त्या दिवशी अण्णांनी छापखान्यात दिवा लावला होता, असे मी समजतो. आम्ही नाही म्हटले म्हणून त्यांनी तो लावला, की ते लावणारच होते, हे मी त्यांना विचारलेले नाही.

मुलीच्या त्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या तासाला मी पुरे केले. म्हटले, "दोन्ही शब्द एका दिव्याच्या लेकी आहेत. एकीच्या घरी सगळे जातात. दुसरीच्या घरी जायची वेळ आली, तर दिवा विझवून जाऊ नका." मुलांनी ते वहीत उतरवून घेतले. परीक्षेत येईल असे त्यांना वाटले असावे.

हा मजकूर लिहीत असताना ही दिवाणखान्यात चांदीचे निरांजन घासते आहे. भाऊबीजेला अवकाश आहे. अण्णांना तिने निरोप धाडला आहे; उत्तर अजून आलेले नाही. "एवढ्यात कशाला घासायला घेतलंस?" असे मी विचारले, तर म्हणाली, "आयत्या वेळी धांदल नको."